कर्ता, निर्मिक आणि अज्ञेय : स्वारगेट परिसरातील ईश्वरवादाचा इतिहास

पुण्यात ईश्वराच्या अस्तित्वाविषयी पेशवाईपासून एकविसाव्या शतकापर्यंत जो वाद चालला, त्याचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आणि व्यक्तींच्या नावांनी सांगितला जातो. परंतु त्या वादाला एक भूगोलही आहे, आणि त्याचा बराच मोठा भाग स्वारगेटच्या आसपासच्या अल्पशा परिघात एकवटलेला आहे. सातारा आणि सोलापूरकडे जाणारे रस्ते जेथून फुटतात त्या या चौकाच्या पश्चिमेला पर्वतीची टेकडी आणि तिच्या पायथ्याची रमण्याची जागा आहे, उत्तरेला जोतीराव फुले यांचे घर असलेली गंज पेठ आणि पंचहौद मिशन असलेली गुरुवार पेठ आहे, आणि टिळक रस्त्याच्या बाजूला एकोणिसाव्या शतकातील विद्वत्सभांची हिराबाग आहे. जगाला कर्ता आहे काय, असल्यास तो तर्काने सिद्ध होतो काय, आणि सिद्ध झालाच तर त्याच्यापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे तीन प्रश्न या परिसरात एकामागून एक विचारले गेले. त्यांतील पहिल्या दोन प्रश्नांवर सर्वाधिक बुद्धी खर्च झाली असली, तरी पुण्यातील वादाला वेळोवेळी नवे वळण दिले ते तिसऱ्या प्रश्नाने, असे हा इतिहास नीट पाहिल्यास म्हणावे लागते.

या इतिहासाचा आरंभ रमण्यापासून करणे सोयीचे आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी चालविलेली ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा 1731 च्या डभईच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावाने पुण्यात आणली. त्याचा पुत्र नानासाहेब पेशवा याने 1749 मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, आणि टेकडीच्या पायथ्याला भिंतींनी वेढलेल्या आवारात, म्हणजे रमण्यात, श्रावणातील दक्षिणेचे वाटप होऊ लागले. सर्वसाधारण ब्राह्मणांना रमण्यात दक्षिणा मिळे, तर शास्त्रांत पारंगत असलेल्या विद्वानांची परीक्षा होऊन त्यांचा सन्मान वेगळा होत असे. या व्यवस्थेकडे केवळ दानधर्म म्हणून पाहणे अपुरे ठरेल, कारण व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र आणि न्याय या शास्त्रांच्या अध्ययनाला दूरदूरच्या गावांत जो आधार मिळाला, त्यात या दक्षिणेचा वाटा मोठा होता. आणि ईश्वराचे अस्तित्व श्रुतीचा आधार न घेता, शुद्ध अनुमानाने सिद्ध करण्याची जबाबदारी भारतीय परंपरेत ज्या शास्त्राने पत्करली होती, ते शास्त्र म्हणजे न्याय होय.

नैयायिकांचे मुख्य अनुमान असे आहे की पृथ्वी, अंकुर इत्यादी वस्तू कार्ये आहेत, म्हणजे त्या कधीतरी उत्पन्न झालेल्या आहेत, आणि जे जे कार्य असते त्याला घटाला जसा कुंभार असतो तसा बुद्धिमान कर्ता असतो. म्हणून या वस्तूंनाही कर्ता असला पाहिजे, आणि तो माणूस असणे शक्य नसल्यामुळे तो ईश्वर होय. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात याच्या जोडीला आणखी प्रमाणे मांडली : जड परमाणू आपण होऊन एकत्र येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना गती देणारा कोणी असला पाहिजे, विश्व कोसळून न पडता धारण केले गेले आहे, म्हणून त्याला धारण करणारा असला पाहिजे, शब्दांचा अर्थाशी असलेला संकेत प्रथम कोणी तरी शिकविला असला पाहिजे. विश्वनाथ पंचानन यांची ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ ज्याने हातात घेतली, त्या विद्यार्थ्याला हे कर्त्याचे अनुमान ग्रंथाच्या आरंभीच, मंगलाचरणाच्या विवेचनातच, भेटत असे. ईश्वर हा त्याच्यासाठी केवळ पूजेचा विषय न राहता हेतू, दृष्टांत आणि व्याप्ती यांच्या कसोटीला लावण्याचा विषय होई. व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींचा अव्यभिचारी संबंध : जेथे धूर तेथे अग्नी, तसे जेथे कार्य तेथे कर्ता.

या अनुमानावरचे आक्षेपही तितकेच जुने आणि तितकेच कसदार होते, आणि ते केवळ नास्तिकांचे नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बौद्ध तार्किकांचे म्हणणे असे की घट पाहून कुंभाराचे अनुमान होते ते कुंभाराला घट घडविताना आपण पूर्वी पाहिलेले असते म्हणून. पर्वत घडविताना कोणी कोणाला पाहिलेले नाही, म्हणून घट आणि पर्वत या दोघांना ‘कार्य’ हा एकच शब्द लावल्याने त्यांच्यात व्याप्ती उत्पन्न होत नाही. शिवाय कुंभाराला देह असतो, त्याचे ज्ञान मर्यादित असते, आणि मोठा वाडा तर अनेक कारागीर मिळून बांधतात. तेव्हा दृष्टांत प्रामाणिकपणे चालविला तर देहधारी, अल्पज्ञ आणि अनेक कर्ते सिद्ध होतील, एकच सर्वज्ञ ईश्वर सिद्ध होणार नाही. मीमांसकांनी वेदांचे प्रामाण्य पूर्णपणे मानूनही जगाला कोणी निर्माता असल्याचे नाकारले, सांख्यांच्या एका मोठ्या परंपरेने ईश्वराला प्रमाण नाही असे म्हटले, आणि रामानुजांसारख्या परम ईश्वरभक्त आचार्यांनीही ईश्वर शास्त्रावरूनच कळतो, अनुमानाने सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. ज्याची भक्ती करावयाची त्याला तर्काच्या आधाराची गरज नाही, हा विचार महाराष्ट्रातील वारकरी परंपरेलाही जवळचा होता. त्यामुळे शास्त्र्यांचा हा वाद लोकांच्या देवाला क्वचितच स्पर्श करी.

1818 मध्ये पेशवाई संपली, आणि दक्षिणेचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे आला. दक्षिणेच्या पैशातूनच 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा, सुरू झाली, आणि तेथे न्यायासह जुनी शास्त्रे शिकविली जाऊ लागली. 1849 मध्ये सुधारणावादी तरुणांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च करावा असा अर्ज केला, तेव्हा सनातनी पक्ष खवळला आणि अर्जदारांच्या पाठीशी फुले उभे राहिले. 1851 मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. रमण्यातील दानाचे अशा रीतीने महाविद्यालयात, पारितोषिकांत आणि शिष्यवृत्त्यांत रूपांतर झाले. पुण्याच्या वैचारिक इतिहासातील ही साखळी फारशी सांगितली जात नाही. पण ईश्वराविषयी शंका घेण्याची आणि त्या शंकेला उत्तर देण्याची साधने ज्या संस्थांनी पुरविली, त्यांचे मूळ पर्वतीच्या पायथ्याशी होते, हे सत्य आहे.

इंग्रजी शिक्षणाने आलेला युक्तिवाद पुण्याच्या शास्त्र्यांना अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. विल्यम पेली या इंग्लिश धर्मशास्त्रज्ञाने 1802 मध्ये असे मांडले होते की माळावर सापडलेल्या घड्याळाची गुंतागुंतीची रचना पाहून जसा घड्याळजीचा निश्चय होतो, तसा डोळ्याची किंवा पंखाची रचना पाहून सृष्टीच्या रचनाकाराचा निश्चय व्हावा. हा रचनेवरून केलेला युक्तिवाद म्हणजे कुंभाराच्या अनुमानाचाच भाऊ होता, आणि त्याच्यावर स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमचे जे आक्षेप 1779 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले, त्यांत अनेक कर्त्यांचा आणि अपूर्ण कर्त्याचा आक्षेप बौद्ध तार्किकांनी कित्येक शतके आधीच घेतलेला होता. नवे होते ते एवढेच की युरोपात या वादाला भौतिक विज्ञानाची जोड मिळाली होती, आणि 1859 नंतर डार्विनच्या उपपत्तीने रचनाकाराशिवाय रचना कशी उत्पन्न होते याचे एक उत्तर पुढे ठेवले होते.

त्याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वादाला सार्वजनिक रूप दिले. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद प्रसिद्धच आहेत. पुण्यात या वादाला अधिक खोल धार दिली ती नीलकंठशास्त्री गोरे यांनी. काशीत शास्त्राध्ययन केलेले हे महाराष्ट्रीय ब्राह्मण पंडित 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ या 1860 मधील हिंदी ग्रंथात सहाही दर्शनांचे खंडन आहे, आणि पुण्यातील वास्तव्यात पंचहौद मिशनशी त्यांचा निकटचा संबंध होता. गोरे यांचा रोख केवळ जुन्या दर्शनांवर नव्हता. प्रार्थना समाज आणि ब्राह्म समाज यांनी कोणत्याही एका ग्रंथाचे प्रामाण्य न मानता केवळ मानवी बुद्धीच्या आणि अंतःप्रेरणेच्या बळावर एकेश्वरवाद उभा केला होता. गोरे यांच्या मते असा निराधार एकेश्वरवाद टिकणारा नव्हता, कारण त्यातील शुद्ध, दयाळू आणि न्यायी ईश्वराची कल्पना मुळात प्रकट झालेल्या धर्मातूनच उसनी घेतलेली होती. पंडिता रमाबाईंच्या धर्मान्तरामागे गोरे यांच्याशी झालेल्या चर्चांचाही भाग होता, आणि त्यावरून या युक्तिवादाची ताकद ध्यानात येते.

1875 च्या उन्हाळ्यानंतर हा वाद पुण्याच्या रस्त्यावरच आला. महादेव गोविंद रानडे आदी मंडळींच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, आणि बुधवार पेठेतील भिडे वाड्यात 4 जुलै 1875 रोजी त्यांच्या व्याख्यानमालेचा आरंभ झाला तो ‘ईश्वरसिद्धी’ याच विषयाने. दयानंदांच्या तत्त्वज्ञानात ईश्वर, जीव आणि प्रकृती हे तिन्ही अनादी आहेत : ईश्वर हा जगाचे निमित्तकारण, म्हणजे घडविणारा, असून प्रकृती हे उपादानकारण, म्हणजे ज्यापासून घडले ते द्रव्य आहे. न्यायाचे जुने अनुमान त्यांनी मूर्तिपूजेच्या खंडनाशी जोडले, आणि त्यामुळे एरवी शास्त्र्यांच्या सभेत शांतपणे ऐकले गेले असते असे प्रमेय शहराच्या भावना चाळवणारे ठरले. सप्टेंबरच्या आरंभी निघालेल्या त्यांच्या मिरवणुकीविरुद्ध सनातन्यांनी ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली, आणि ज्यांचा वेदप्रामाण्यावर काडीचाही विश्वास नव्हता ते फुले आणि सत्यशोधक समाजातील त्यांचे सहकारी दयानंदांच्या संरक्षणासाठी पुढे आले. ईश्वराच्या स्वरूपाविषयी या दोन पक्षांत मतैक्य नव्हते, मतस्वातंत्र्याविषयी होते.

महादेव गोविंद रानडे यांचा आस्तिक्यवाद या सर्वांहून अधिक सौम्य आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रार्थना समाजाची स्थापना मुंबईत 1867 मध्ये आणि पुण्यात 1870 मध्ये झाली; रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या समाजाचे बौद्धिक आधार होते. रानड्यांनी आपली श्रद्धा इंग्रजी निबंधांतून मांडली, आणि त्यांचे म्हणणे असे होते की निसर्ग, मनुष्य आणि ईश्वर ही तीन तत्त्वे परस्परांहून भिन्न असून परस्परांशी सुसंगत आहेत. त्यांतील कोणत्याही एकात उरलेली दोन विरघळविण्याचा प्रयत्न केला की, मग तो जडवादाचा असो वा केवलाद्वैताचा, अनुभवाचा काही भाग नाकारावा लागतो. ईश्वर गणितातील प्रमेयासारखा सिद्ध होत नाही हे त्यांना मान्य होते. मनुष्याच्या सदसद्विवेकाला ज्या नियंत्याची जाणीव होते, इतिहासात ज्याचा हेतू हळूहळू उलगडत जातो, आणि संतांच्या भक्तीने ज्याचा अनुभव घेतला, त्याच्याकडे ते बोट दाखवितात. याला नैतिक युक्तिवाद म्हणतात, आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये ईश्वरसिद्धीची सैद्धान्तिक प्रमाणे मोडीत काढल्यानंतर पुढील ग्रंथात नीतीच्याच आधारे ईश्वर गृहीत धरला होता, त्या विचाराशी याचे नाते आहे. रानड्यांच्या विचारातील सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या वाट्याला इतिहासाने केवळ अपमान दिला, त्याला इतिहासातील ईश्वरी हेतू कसा दिसावा, या प्रश्नाला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते.

ते उत्तर, किंवा त्या प्रश्नाची अधिक प्रखर मांडणी, गंज पेठेतून आली. फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि आयुष्याच्या अखेरीला, पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने, ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झाले. संवादरूपाने लिहिलेल्या या पुस्तकात ईश्वरासाठी ‘निर्मिक’ हा शब्द योजलेला आहे. सूर्य, ग्रह आणि असंख्य प्राणी असलेल्या या विस्तीर्ण विश्वाला एक निर्मिक आहे, येथपर्यंत फुल्यांचा विचार उदयनाच्या किंवा पेलीच्या वाटेनेच जातो, आणि त्या प्रमाणाच्या तपशिलात त्यांनी फारसा वेळ घालविलेला नाही. अठराव्या शतकातील युरोप-अमेरिकेतल्या ज्या मताला निसर्गेश्वरवाद म्हणता येईल, म्हणजे जगाचा एक निर्माता मानून पवित्र ग्रंथ, चमत्कार आणि पुरोहित नाकारणारे मत, त्याचा एक प्रमुख प्रवक्ता टॉमस पेन हा फुल्यांच्या वाचनातला लेखक होता.

फुल्यांची स्वतंत्र प्रतिभा दिसते ती निर्मिकाच्या अस्तित्वावरून त्यांनी काढलेल्या निष्कर्षांत. जुना क्रम असा होता की ईश्वर आहे, त्याने वेद दिले, वेदांनी वर्ण ठरविले, म्हणून वर्णव्यवस्था पवित्र आहे. फुल्यांनी ही साखळी नेमकी दुसऱ्या टोकाने ओढली : निर्मिक न्यायी आहे आणि त्याने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देऊन निर्माण केले आहे, ज्या ग्रंथात एका माणसाला जन्माने नीच ठरविले आहे तो ग्रंथ निर्मिकाचा असणे शक्य नाही, म्हणून तो माणसांनी आपल्या स्वार्थासाठी रचलेला आहे. येथे ईश्वर हा ग्रंथाच्या प्रामाण्याचा आधार न राहता ग्रंथाची परीक्षा घेणारी कसोटी झाला. त्याच न्यायाने नैवेद्य, जप आणि अनुष्ठान यांचीही वासलात लागली, कारण ज्याने सर्व सृष्टी निर्माण केली त्याला तिच्यातील एक फूल अर्पण करण्यात काही अर्थ उरत नाही. उरते ते सत्यवर्तन. ईश्वरविषयक युक्तिवादाच्या जागतिक इतिहासात निसर्गेश्वरवादाची मांडणी अनेकांनी केली, परंतु जन्मजात विषमतेच्या व्यवस्थेविरुद्ध तिला इतके नेमके शस्त्र बनविण्याचे काम फुल्यांइतके कोणी केले असेल असे वाटत नाही.

या विचाराची एक अडचण मात्र झाकून ठेवता येत नाही. निर्मिक न्यायी आणि समर्थ असेल, तर त्याच्या सृष्टीत दुःख आणि अन्याय का, या प्रश्नाला तत्त्वज्ञानात अनिष्टाची समस्या म्हणतात, आणि आस्तिक्यवादापुढचा हा सर्वांत कठीण आक्षेप मानला जातो. कर्मसिद्धान्ताने या प्रश्नाला पूर्वजन्माचे उत्तर दिले होते, पण तेच उत्तर शूद्रातिशूद्रांच्या हालांना न्याय्य ठरवीत असल्यामुळे फुल्यांनी ते टाकून दिले. त्यांचे स्वतःचे उत्तर असे की अन्याय हा निर्मिकाचा नसून माणसांचा आहे. माणसाने केलेल्या अन्यायाला हे उत्तर पुरते, अवर्षणाला पुरत नाही. तरीही 1877 च्या दुष्काळात फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा रस्त्यावरील धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला, तेव्हा दैवी कोपाची भाषा न करता मदतीचे जाहीर आवाहन केले. अनिष्टाच्या समस्येला सैद्धान्तिक उत्तर न देताही तिच्याशी झुंजता येते, याचा हा पुरावा आहे.

रानडे आणि फुले हे दोघेही एका निर्मात्याला मानणारे, मूर्तिपूजेला विरोध करणारे आणि सुधारणावादी असूनही एका सभेत बसू शकले नाहीत. हिराबागेत 11 मे 1878 रोजी लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकाराने पहिले ग्रंथकार संमेलन झाले. पुढे 1885 च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांना मिळाले, तेव्हा सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभेत आपल्याला स्वारस्य नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते नाकारले. ईश्वर आहे यावर एकमत असणे किती अपुरे असते, हे या नकाराने दाखवून दिले.

गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र प्रश्नाची भूमीच बदलली. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी 1856 मध्ये जन्मलेल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आगरकरांवर जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचा प्रभाव होता. 1888 मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी ईश्वर आहे की नाही यापेक्षा माणसाच्या मनात देवाची कल्पना कशी उत्पन्न झाली हा प्रश्न पुढे आणला. स्वप्ने, मृत पूर्वजांची स्मृती, निसर्गशक्तींचे भय आणि त्या शक्तींवर केलेले मानवी गुणांचे आरोपण यांतून देवता जन्माला आल्या आणि समाज जसजसा सुधारत गेला तसतसे त्यांचे रूप पालटत गेले, अशी ही उपपत्ती आहे. विश्वाच्या अंतिम कारणाविषयी आगरकरांची भूमिका अज्ञेयवादाची होती. अज्ञेयवाद म्हणजे ते कारण आहे असेही आणि नाही असेही सिद्ध करण्याचे साधन मानवी बुद्धीजवळ नाही, ही भूमिका होय.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म आक्षेप घेता येतो, आणि तो आगरकरांच्या विरोधकांनी घ्यायला हवा होता तितक्या नेटाने घेतला नाही : एखादी समजूत भयातून जन्मली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. परंतु आगरकरांच्या युक्तिवादाचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी होते. नीती ईश्वराच्या आज्ञेवर अवलंबून नाही, ती मानवी सुखदुःखाच्या विचारावर उभी राहू शकते, हे त्यांनी आग्रहाने मांडले आणि स्वतःच्या आचरणाने दाखविले. रानड्यांच्या नैतिक युक्तिवादाचा पायाच यामुळे हलला, कारण सदसद्विवेक ईश्वराशिवाय जिवंत राहत असेल तर त्याच्यावरून ईश्वराकडे जाणारा मार्ग अनिवार्य राहत नाही. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची वेळ ज्यांच्यावर पुण्यातील सनातन्यांनी आणली, ते आगरकर 17 जून 1895 रोजी, वयाची 39 वर्षे पूर्ण होण्याआधीच, निवर्तले. त्यानंतर मराठी ललितवाङ्मयानेही हा प्रश्न उचलला. वामन मल्हार जोशी यांच्या 1930 मधील ‘सुशीलेचा देव’ या कादंबरीत नायिकेच्या ईश्वरकल्पनेचा विकास हाच कथेचा कणा आहे.

या सुमारास वाद पुन्हा पर्वतीवर आला, आणि या वेळी तो अनुमानाचा नव्हता. स्वारगेटच्या चौकाला आज ज्यांचे नाव आहे ते केशवराव जेधे 1920 नंतरच्या दशकात पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीचे तरुण नेते होते, आणि नगरपालिकेने फुल्यांचा पुतळा उभारावा यासाठी त्यांनी धरलेला आग्रह शहरातील मोठ्या संघर्षाचे कारण झाला. या वातावरणात 13 ऑक्टोबर 1929 रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ अशी भिन्न भिन्न विचारांची माणसे त्यात होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि दरवाजे बंदच राहिले. ज्या टेकडीच्या पायथ्याला दीडशे वर्षांपूर्वी ईश्वर सिद्ध करू शकणाऱ्या शास्त्राला उत्तेजन मिळाले, तिच्याच पायऱ्यांवर त्या ईश्वराच्या दर्शनाचा अधिकार नाकारला जाणे, हा आस्तिक्यवादाविरुद्धचा कोणत्याही ग्रंथातील आक्षेपाहून अधिक बोचरा आक्षेप होता. जगाचा एकच कर्ता आहे हे विधान आणि त्याच्या काही निर्मितींना त्याच्या दारात उभे राहता येणार नाही हे विधान एकाच वेळी खरे मानण्यात जी विसंगती आहे, ती मंदिराच्या विश्वस्तांपैकी कोणी दूर केली नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा होण्यासाठी 1947 साल उजाडावे लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 नंतरच्या अनुभवांतून जो मार्ग काढला तो या विसंगतीचे सर्वांत मूलगामी उत्तर आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा आवश्यक भाग नाही असे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात सर्वशक्तिमान व दयाळू निर्मात्याच्या कल्पनेवर अनिष्टाच्या समस्येसह अनेक अंगांनी आक्षेप आहेत. फुल्यांनी न्यायासाठी निर्मिक मानला; त्यांना गुरू मानणाऱ्या आंबेडकरांनी न्यायासाठीच निर्माता अनावश्यक ठरविला. या दोन टोकांत विरोध आहे, पण दोघांची कसोटी एकच आहे.

स्वातंत्र्योत्तर पुण्यात शास्त्रीय चर्चेचे संकलन दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या, 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’त झाले, आणि ईश्वरविषयक युक्तिवादांची पूर्व-पश्चिम परिभाषा त्यामुळे मराठी वाचकाला प्रथमच एकत्र उपलब्ध झाली. सार्वजनिक वादाचे पुढचे पर्व अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे आहे. परमेश्वराला आता निवृत्त करावे अशी भूमिका लागूंनी लेखाद्वारे मांडली होती, आणि 1989 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ‘विवेक जागर’ या वाद-संवादाच्या कार्यक्रमांत ते आणि दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसून परस्परांशी मतभेद करीत. लागूंच्या मते ईश्वर ही सर्वांत मोठी अंधश्रद्धा होती, आणि श्रद्धा व अंधश्रद्धा यांच्यात रेघ ओढण्याचा प्रयत्न हा बुद्धीशी केलेला समझोता होता. दाभोलकर स्वतः निरीश्वरवादी असूनही समितीचे काम देवाविरुद्ध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाविरुद्ध आहे, असे सांगत, आणि राज्यघटनेने दिलेल्या उपासनेच्या स्वातंत्र्याचा आदर करीत. आगरकरांचे वारस लागू होते यात शंका नाही. दाभोलकरांची पद्धत मात्र दयानंदांच्या मिरवणुकीत मतभेद बाजूला ठेवून उभ्या राहिलेल्या सत्यशोधकांच्या अधिक जवळची होती.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला, ज्यासाठी त्यांनी अनेक वर्षे झगडा केला होता. त्या कायद्याच्या अनुसूचीत माणसाला इजा, फसवणूक आणि भीती यांच्या आहारी लोटणाऱ्या कृत्यांची नोंद आहे, आणि ईश्वर आहे की नाही याविषयी त्यात एक शब्दही नाही. राज्यसंस्थेने या प्रश्नात पडू नये, तो नागरिकांनी परस्परांशी मोकळेपणाने बोलून लढवावा, हेच दाभोलकरांचे मत होते, तर 2019 मध्ये पुण्यातच निधन पावलेले लागू शेवटपर्यंत तो प्रश्न टाळणे योग्य नाही असे म्हणत राहिले.